सामानापाशी कोण बसणार

प्रत्येक घरात एक माणूस सामानापाशी बसणारं असतं. बाकीचे किल्ला चढून येतात, धबधब्याखाली भिजून येतात, होडीतून फिरून येतात, आणि हे माणूस चार पिशव्या, दोन छत्र्या आणि कुणाचे तरी ओले मोजे सांभाळत झाडाखाली बसलेलं असतं. या पदाची जाहिरात निघत नाही, मुलाखत होत नाही. एकदा कुणीतरी म्हणतं, "तू बस गं जरा, आम्ही आलोच," आणि नेमणूक होऊन जाते. ती कायमची. रजा नाही, बढती नाही, निवृत्तीचं वय तर नाहीच नाही.

या घरात ते पद मावशीकडे होतं.

तिने धबधबा ऐकला होता, पाहिला नव्हता. किल्ल्याचा पायथा तिला इतका पाठ होता की वर किल्ला नसता तरी तिचं काही बिघडलं नसतं. घरच्या अल्बममध्ये ती शोधूनही सापडायची नाही. एका फोटोच्या कोपऱ्यात निळ्या बॅगेचा पट्टा आणि त्यावर ठेवलेली चार बोटं दिसतात, ती मावशीची.

बरं, पोटापाण्यासाठीही ती हेच करायची. लाँड्रीच्या काउंटरवर बसायची. लोक येणार, कपड्यांचा ढीग टाकणार. मावशी एक चिठ्ठी मधोमध फाडणार, अर्धी कपड्यांना टाचणार, अर्धी गिऱ्हाइकाच्या हातात देणार. इतक्या वर्षांत एक रुमालसुद्धा इकडचा तिकडे झाला नव्हता. काही लोक तर कपडे सोडून भलतंच ठेवून जायचे. घराची किल्ली, भाजीची पिशवी, एकदा तर एक बाई सासऱ्यांना खुर्चीवर ठेवून दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. मावशीने त्यांच्यासाठीही चिठ्ठी फाडली होती, हे मालक अजून हसून सांगतात.

काउंटरसमोरच्या भिंतीला ओल आलेली. ती झाकायला मालकांनी तिथे एक भलंमोठं चित्र लावलं होतं. कुठल्याशा दूरच्या गावातला चौक. फिकट पिवळी घरं, हिरव्या झडपांच्या खिडक्या, मध्ये कारंजं, एका अंगाला कमानींची ओळ, आणि उजवीकडे एक फरसबंद गल्ली, जी थोडी वर चढून डावीकडे वळते. वळणावर एक दिवा. संपलं. वळणाच्या पुढे काय आहे ते फोटो काढणाऱ्याला दिसलं नसावं, किंवा त्याला गरज वाटली नसावी. लोकांना कशाची गरज वाटत नाही याला काही धरबंध नसतो.

दुपारी वाफेच्या इस्त्र्या सुरू झाल्या की दुकान धुरकट व्हायचं आणि ते गाव खरंखुरं वाटू लागायचं. मावशी मनातल्या मनात काउंटरची फळी उचलून निघायची. चौक ओलांडायची, कारंज्याला वळसा घालायची, गल्ली चढायची, दिव्यापाशी पोचायची, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी म्हणायचं, "अहो, हा डाग जाईल का?" त्या दिव्याच्या पुढे ती कधी गेलीच नव्हती. पुढे काय असेल याचे तिने पुष्कळ अंदाज बांधले होते. कधी बाग, कधी नदी, कधी नुसतंच आणखी एक घर, ज्याच्या दारात कुणीतरी तिची वाट बघत उभं आहे. हा शेवटचा अंदाज ती लगेच पुसून टाकायची आणि डागाकडे बघायची.

चित्राखाली बारीक अक्षरांत गावाचं नाव होतं. तिला ते तोंडपाठ होतं, पण मोठ्याने म्हणून बघायची वेळ कधी आली नव्हती.

अशात भाऊजींना, म्हणजे मावशीच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला, कंपनीकडून जहाजाची सहल मिळाली. भाऊजी पाण्याचे पंप विकतात आणि त्या वर्षी त्यांनी इतके पंप विकले होते की कंपनीला त्यांना पाण्यावरच पाठवावंसं वाटलं. सहल चौघांची, घरात माणसं तीन. भाऊजी म्हणाले, "ताई, तुम्ही चलाच. तुमच्याशिवाय सामानाचं काय होणार?" हे ते अगदी प्रेमाने म्हणाले. पंचाईत तीच होती. रागाने म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं.

सहलीच्या पत्रकात एका बंदराच्या नावाखाली छोटी ओळ होती: जहाज दिवसभर थांबेल, हौस असणाऱ्यांना बसने आतल्या अमुक गावी जाता येईल. अमुकच्या जागी ते नाव. मावशी तेव्हा मटार सोलत होती. तिने ती ओळ वाचली, परत वाचली, आणि टरफलं भांड्यात आणि दाणे कचऱ्यात टाकायला लागली.

हे फक्त तिच्या भाचीच्या लक्षात आलं. भाची नववीत, आणि शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून घरात तिचं नाव तोफ पडलेलं. तिला ते टोमणा न वाटता पदवी वाटायचं. "मावशी, काय झालं?" तिने विचारलं. मावशीने सांगितलं. चित्र, गल्ली, दिवा, सगळं. फक्त दारात उभं असलेलं माणूस तेवढं गाळलं.

तोफ रात्रीच्या जेवणाला ताटावरून उठून उभी राहिली. "आजवर या घराने एका स्त्रीवर," अशी तिने सुरुवात केली. तिची आई म्हणाली, "आधी भात संपव." पण भाषण पुरं झालं, आणि खरोखर चांगलं झालं. शेवटी ठराव मांडला गेला: त्या गावात मावशी सामानापाशी बसणार नाही. धाकटीने डोळे पुसले. भाऊजी म्हणाले, "अरे, प्रश्नच नाही. मीच बसेन." आणि ते मनापासून म्हणाले.

आता एका दिवसाच्या फेरीला सामान असतंच किती, असं कुणालाही वाटेल. पण कुणालाही खालच्या मजल्यावरचे काका शेजारी मिळालेले नसतात. काकांनी आयुष्यात एकदा कुणाला तरी जहाजावर पोचवायला जाऊन धक्क्यावरून हात हलवला होता. त्या अनुभवाच्या बळावर त्यांनी भाऊजींना जिन्यात गाठलं.

"एक लक्षात ठेवा," काका म्हणाले. "जहाज कुणासाठी थांबत नाही. तुम्ही गाव बघत बसाल आणि ते निघून जाईल."

"मग काय करायचं?"

"करणार काय? निघून जाईल. पण निदान तुमचं सामान तरी त्याच्याबरोबर जायला नको. कुठेही उतरलात तरी सगळं बरोबर घेऊन उतरा. मागे राहिलात तर अंगावर बदलायला कपडे तरी असतील."

यात काहीतरी चुकतंय असं धाकटीला वाटत होतं, पण नेमकं काय ते सांगता येईना. भाऊजींना मात्र पटलं. गाडी सुटायच्या कितीतरी आधी जाऊन बसणारा हा माणूस. त्यामुळे ज्या सकाळी जहाज त्या बंदराला लागलं, त्या सकाळी बाकी प्रवासी टोपी आणि पाण्याची बाटली घेऊन उतरत होते, आणि हे चौघं मोठी सूटकेस, निळी बॅग, दोन खांद्यावरच्या पिशव्या, डब्यांची टोपली, थर्मास आणि छत्र्यांची जुडी घेऊन.

उतरण्याच्या दारात टोपीवाला अधिकारी होता. त्याने सामानाकडे बघितलं, मग भाऊजींकडे. सहल सोडून चाललात का, असं त्याने विचारलं.

"छे छे. संध्याकाळी परत."

"मग सामान?"

"परत नाही आलो तर असावं म्हणून."

अधिकाऱ्याने बराच विचार केला. येणार असाल तर सामान ठेवा, येणार नसाल तर खोली रिकामी केल्याची सही करा, तिसरा प्रकार आमच्याकडे नाही, असं तो म्हणाला. मग त्याने वरच्याला बोलावलं, वरच्याने त्याच्या वरच्याला. मागे रांग तुंबली. खोलीची चावी जमा झाली, परत मिळाली, पुन्हा जमा झाली. भाऊजी आपण पंपाच्या धंद्यातले जुने माणूस आहोत हे कुणालाच नको असताना सांगत राहिले. या सगळ्यात मावशी सूटकेसवर हात ठेवून उभी होती आणि बसकडे बघत होती. बसचं इंजिन चालू होतं. ती त्या बसकडे अशी बघत होती की शेवटी अधिकाऱ्यानेच तिच्याकडे बघून सुस्कारा सोडला आणि जा म्हणून हात हलवला.

वाटेत टेकड्या, द्राक्षांचे मळे, एक नदी जी कधी डाव्या हाताला यायची कधी उजव्या. धाकटी झोपली. तोफ मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्या जोडप्याला शाळेची हकिकत सांगत होती, त्यांना भाषा येत नाही हे तिच्या दृष्टीने किरकोळ होतं. मावशीने खिडकीच्या काचेवर बोटाने गावाचं नाव लिहिलं आणि लगेच पदराने पुसलं.

गावाच्या वेशीत बस थांबली. आत गाड्यांना मनाई. ड्रायव्हर बस घेऊन दुसऱ्या लोकांना आणायला जाणार, म्हणजे सामान बसमध्ये ठेवायची सोय नाही. काही हरकत नाही, चौकात सामान ठेवायची खोली होती. त्या खोलीला खिडकी होती आणि खिडकीत चष्मा घातलेला कारकून होता. सूटकेसला कुलूप हवं, तो म्हणाला. कुलूप होतं, पण ते लावायची किल्ली जहाजावरच राहिली होती. खांद्यावरच्या पिशव्या चालणार नाहीत, त्यांना चेन नाही. टोपली चालणार नाही, तिच्यात खाणं आहे. "खाऊन टाका," त्याने खुणेने सांगितलं. भाऊजींनी तिथेच उभ्या उभ्या डबा उघडला. तो संपत येईतो कारकुनाच्या स्वतःच्या जेवणाची वेळ झाली आणि खिडकीची झडप खाली आली.

चौघं कारंज्याजवळच्या बाकापाशी उभे राहिले. गावातल्या उंच मनोऱ्यावर जायची शेवटची तुकडी निघाली होती. वाटाड्या छत्री उंच धरून हाका मारत होता. धाकटी घड्याळ बघत होती. भाऊजींनी खरोखर तोंड उघडलं होतं, ते "मी बसतो" असंच म्हणणार होते, त्यांच्या ओठांचा आकारसुद्धा तसा झाला होता.

"तुम्ही जा," मावशी म्हणाली. "मी बसते सामानापाशी."

बोलून झाल्यावर तिचं तिलाच ते ऐकू आलं. कुणी म्हटलं हे, अशा नजरेने तिने मागे वळूनही बघितलं.

"मावशी, आपला ठराव," तोफ म्हणाली.

"अगं जा तू. मनोरा बंद होईल. मी नंतर जाईन की, कुठे पळतंय गाव?"

ते तिघं गेले. तोफ दोनदा वळून बघत गेली, पण गेली. मनोऱ्यावरून सगळा मुलूख दिसतो म्हणतात, आणि चौदाव्या वर्षी सगळा मुलूख बघायचं सोडवत नाही.

मावशी बाकावर बसली, सामान जवळ ओढलं, आणि मान वर केली.

समोर फिकट पिवळी घरं. हिरव्या झडपा. कारंजं. डाव्या अंगाला कमानी. उजवीकडे गल्ली, थोडी वर चढून डावीकडे वळलेली, वळणावर दिवा. फोटो काढणारा नेमका याच बाकापाशी उभा राहिला असणार. कुठेही तसूभर फरक नव्हता. आणि तिच्या पुढ्यात, गुडघ्यांना लागून, कंबरेच्या उंचीचा सामानाचा ढीग, बरोब्बर काउंटरसारखा. एवढा समुद्र ओलांडून मावशी आपल्याच जागेवर येऊन बसली होती. इस्त्रीची वाफ तेवढी नव्हती, पण डोळ्यांत काहीतरी आल्यामुळे तीही उणीव भासली नाही.

तिने ठरवलं, बस येईपर्यंत इथूनच बघायचं. बघायची तर सवय आहे. पण चित्रात जे नव्हतं ते इथे होतं. गल्लीतून वारा येत होता. वळणापलीकडून. त्याला ओल्या मातीचा वास होता आणि कुणीतरी तिकडे हसत होतं. चित्राने निदान एवढा छळ कधी केला नव्हता.

एवढ्यात बसमधलं ते म्हातारं जोडपं आलं. त्यांनी आपल्या कोटांकडे बोट केलं, मग कमानींकडे, मग मावशीकडे बघून हसले. मावशीचा हात आपोआप पदराला खोचलेल्या टाचण्यांकडे गेला. सहलीचं पत्रक होतं, ते तिने टर्रकन मधोमध फाडलं, अर्धं कोटाला टाचलं, अर्धं आजोबांच्या हातात दिलं.

हे चौकातल्या बऱ्याच लोकांनी पाहिलं. माणसाच्या चेहऱ्यावर एखादी पाटी असते आणि ती कुठल्याही भाषेत वाचता येते, असं म्हणायची पाळी आली. एक बाबागाडी आली, बाळाशिवाय. एका नव्या जोडप्याची सूटकेस आली. चित्रकारासारख्या दिसणाऱ्या माणसाचा स्टँड आला. खोलीची झडप बंद बघून वैतागलेले लोक सरळ बाकाकडे वळू लागले. मावशी फाडत होती, टाचत होती, मान हलवत होती. पत्रक संपलं, तेव्हा डब्याखालचा कागद घेतला. ढीग वाढत वाढत एवढा झाला की तिला कारंजं दिसेना, मग कमानी दिसेनात, आणि एक उंच खोका आला तेव्हा गल्लीसुद्धा दिसेनाशी झाली. तो खोका तिने उठून बाजूला सरकवला. तेवढं एक तिने केलं.

मग सायकलवरून गावाचा शिपाई आला. चौकात दुकान मांडायला परवानगी लागते, असं काहीसं तो बोलत असावा, कारण त्याने ढिगाभोवती बोटाने एक मोठं गोल काढलं आणि तळहात पुढे केला.

"हे दुकान नाही," मावशी शुद्ध मराठीत म्हणाली. "मी एक पैसा घेतलेला नाही. लोक ठेवतात. ठेवतात त्याला मी काय करू?"

शिपाई आणखी बोलला. तीही बोलली. दोघं आपापल्या भाषेत बराच वेळ बोलले, आणि तिच्या लक्षात आलं की आपण भलतंच सांगतोय. लाँड्रीचं, भिंतीच्या ओलीचं, दिव्याचं. "तिथपर्यंत जाते हो मी रोज," ती गल्लीकडे बोट दाखवून म्हणाली. "पुढे नाही जाता येत." शिपायाने गल्लीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, टोपी काढून डोकं खाजवलं. त्याला काय समजलं देव जाणे. पण चौकातलं घड्याळ वाजलं, त्याचीही जेवायची वेळ झाली असावी, कारण त्याने सायकल बाकाला टेकवली आणि हात पुढे केला. मावशीने त्याला अर्धी चिठ्ठी दिली. त्याने ती जपून खिशात ठेवली.

सगळ्यात आधी परत आले भाऊजी, एकटेच, गुडघे चोळत. ढीग बघून थबकले.

"ताई, हे एवढं आपलं सामान?"

"नाही हो. लोकांचं."

"बरं बरं." ते बाकाच्या उरलेल्या कोपऱ्यावर बसले. "पाणी द्या जरा. काय जिने आहेत. आणि खरं सांगू, काही नाही हो बघण्यासारखं. सगळी सारखीच घरं. तुम्ही आला नाहीत ते बरंच झालं." पाणी पिऊन त्यांनी घड्याळ बघितलं. "बस येईलच आता. त्या दोघी खाली आल्या की निघू. आधी जाऊन थांबलेलं बरं. तुम्हीही दमला असाल बसून बसून."

मावशीने थर्मासचं झाकण लावलं. ते नीट बसलं आहे ना ते पाहिलं. मग उरलेल्या टाचण्या पदरातून काढून भाऊजींच्या मांडीवर ठेवल्या.

"भाऊजी, तुम्ही बसा."

"बसलोय की."

"सामानापाशी बसा. चिठ्ठी जुळली तरच द्यायचं. कोट त्या आजोबांचे. सायकल पोलिसाची, ती दुसऱ्या कुणाला देऊ नका."

भाऊजींनी तिच्याकडे बघितलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला आणि त्यांनी आवाज खाली आणला. "बाथरूमला ना? जा, जा. त्या कमानींच्या मागे आहे."

ती निघाली. मागे एक बाई बाबागाडी मागायला आली होती आणि भाऊजी "चिठ्ठी, चिठ्ठी" करत चाचपडत होते, ते तिला ऐकू येत होतं. कारंज्याला तिने वळसा घातला. मनात घालायची त्यापेक्षा तो मोठा निघाला, आणि पाण्याचे बारीक तुषार दंडावर उडाले, ते तिने पुसले नाहीत. गल्लीचा चढही चित्रातल्यापेक्षा जास्त होता. तिला धाप लागली. मनातल्या मावशीला कधी धाप लागायची नाही. ती एवढ्या वर्षांत म्हातारी झालीच नव्हती.

दिव्याचा खांब लोखंडी होता. तिने त्याला हात लावला. उन्हाने तापलेला होता.

तिथेच एका दुकानाच्या दारात एक बाई उभी होती, हातात कुत्र्याची दोरी. तिला आत जायचं होतं आणि कुत्र्याला मनाई असावी. तिने मावशीला पाहिलं, चेहऱ्यावरची ती पाटी वाचली, आणि हसून दोरीचं टोक पुढे केलं. मावशीचा हात उठला. अर्ध्यावर आला. कुत्रा शेपूट हलवत होता.

"नाही जमायचं हो," मावशी म्हणाली. "मी निघालेय."

बाईला शब्द कळले नसतील, पण तिने दोरी मागे घेतली. काही आकाश कोसळलं नाही. कुत्रासुद्धा रुसला नाही.

मावशी वळली. पलीकडे बाग नव्हती. नदीही नव्हती. एक साधी गल्ली होती, अलीकडच्यापेक्षा अरुंद, तिच्यातली घरं रंग उडालेली. एका खिडकीत उशा उन्हात घातल्या होत्या. कुंड्यांना नुकतंच पाणी घातलेलं, तोच तो मातीचा वास. एका दारात एक म्हातारा खुर्ची टाकून बसला होता, तो तिची वाट बघत नव्हता, पण तिने मान हलवली तेव्हा त्यानेही हलवली. आणि गल्ली पुढे उतरत जाऊन उजवीकडे वळत होती.

मावशी उभी राहिली. हात नुसते लोंबत होते. दोन्ही रिकामे, पिशवी नाही, पट्टा नाही, चिठ्ठी नाही. ते कुठे ठेवायचे हे तिला सुचेना. तिने ते पदरात गुंडाळले, मग सोडवले, मग मागे बांधले.

खालून वेशीकडून बसचा भोंगा ऐकू आला, आणि त्याच्या पाठोपाठ चौकातून तोफेचा आवाज. तो आवाज जहाजापर्यंत पोचला असता. "मावशी, चल. बस आली. मावशी."

"आले गं," मावशी म्हणाली, शेजारच्या कुंडीला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात. "आले, आले."

आणि ती पुढच्या वळणाकडे चालू लागली.